पिंपावरच्या झाकणाबद्दल आभार

चाचा, सलाम.

तुम्हाला मराठी कळतं, वाचता येत नाही, हे ठाऊक आहे. दुकानातला पोरगा वाचून दाखवील. चारचौघांत लिहितोय, कारण त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत.

गिरगावातली खोली रिकामी करायची होती, म्हणून आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी चोर बाजारात आणली, ती विकायलाच. एक तबकडी पेटीत नव्हतीच. आजीने ती कैक वर्षं पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून वापरली होती. नग वाढावा म्हणून तीही आणली. नाट्यगीतांवर तुम्ही नुसती नजर फिरवलीत आणि नेमकं हे झाकण उजेडात धरलंत. मी खिशातलं सॅनिटायझर काढून ते पुसायला निघालो, तर तबकडी लाखेची म्हणून माझं मनगटच धरलंत. ‘स्पिरिट मत लगाओ, लाख है, पिघल जाएगी.’

मग मऊ ओल्या फडक्याने, मधला कागद कोरडा राखत, ती तुम्ही पुसलीत. नवी पिन लावलीत, चावी दिलीत. आधी भजी तळल्यासारखा आवाज, मग बँड, आणि मध्येच सगळे गप्प होऊन एकटा पियानो. ‘टेडी साहब. ताजवाले. अब्बा बोलते थे,’ एवढंच तुम्ही म्हणालात.

पुढचं मी शोधलं, ते तुम्हाला सांगायचंय.

टेडी वेदरफोर्ड अमेरिकेचे. जन्म 1903, व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टस गावी. पियानो न्यू ऑर्लिन्सला शिकले, नाव शिकागोत झालं. तिथे व्हेंडोम थिएटरात मूकपट चालायचे आणि पडद्यासमोर अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद वाजायचा. त्यात ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर टेडी. 1926ची त्यांची ध्वनिमुद्रणं मी ऐकली. पियानो घोड्यावर बसल्यासारखा धावतो.

त्याच वर्षी ते जॅक कार्टर यांच्या बँडबरोबर आशियात आले. कोणी म्हणेल, तेव्हा शिकागोत राहिले असते तर आज त्यांचं नाव पोरासोरांना माहीत असतं. असेलही. पण शांघायमध्ये त्यांनी काय राज्य केलं! 1934 साली अमेरिकेत जाऊन ट्रम्पेटवाले बक क्लेटन यांचा अख्खा बँड ते शांघायच्या कॅनिड्रोम बॉलरूमसाठी घेऊन आले. मग मुंबईचं ताज. गोऱ्या आणि श्रीमंत पाहुण्यांच्या नाचासाठी तिथे काळे अमेरिकन वादक वाजवायचे, आणि त्यांच्या शेजारी बसून आपले गोव्याचे वादक जाझ उचलायचे. पुढे गोव्याचाच ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या गाण्यांत तुतारी फुंकत होता. ती हवा कुठून आली, हे आत्ता उमगतंय.

युद्धाच्या काळात टेडी कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात बँड चालवत होते. आजोबा तेव्हा तिथेच रेल्वेत कारकून. हॉटेलच्या आत त्यांना कोण सोडणार? पण तबकडी तर विकत घेता येत होती. ती दमदमच्या कारखान्यात निघालेली, लाखही बहुधा आपल्याच रानातली. 25 एप्रिल 1945ला टेडी कलकत्त्यातच कॉलऱ्याने गेले. वय 41.

ज्या पाण्यातून कॉलरा पसरतो, त्याच पाण्यावर आमच्या घरी त्यांची तबकडी झाकण म्हणून होती. आजीला हे सांगितलं असतं, तर तिने ती आधी धुतली असती, मग देवापाशी ठेवली असती.

चाचा, पेटी विकत नाही. सगळ्या तबकड्या पुसायच्यात, आणि तुमच्यासारखा हलका हात मला जमत नाही. शुक्रवारी तुमचं दुकान बंद असतं, म्हणून शनिवारी येतो. पिनांचे पैसे मात्र या वेळी घ्या.