मा. उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : पोरांसाठी दिलेला वेळ पण कामात धरा

मंत्रीमहोदय, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजला इतिहास शिकवतो, रिटायरमेंट आता जवळ आलीये. नोकरी शिकवायची, पण खरं आयुष्य गेलं ते वर्गाच्या बाहेर. कुणाचा स्कॉलरशिपचा अर्ज अडकला, कुणाला हॉस्टेल मिळेना, कुणाचं लग्न ठरवलंय म्हणून ती कॉलेज सोडतीये, कुणी एटीकेटीचा धसका घेऊन गावाकडं जाऊन बसलाय. हे सगळं मी आवडीनं केलं, परत संधी मिळाली तर हेच करीन. पण माझ्यानंतर हे कोण करणार या काळजीपोटी लिहितोय.

आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबापांनी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, मग अख्खं कुटुंब कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात, आणि नेमकी त्याच सुमारास पहिल्या सत्राची परीक्षा. बीएच्या दुसऱ्या वर्षाची एक पोरगी अशीच यायची बंद झाली, हुशार पोरगी, पहिल्या बाकावर बसायची. आमच्या एका मॅडमनी मुकादमाच्या नंबरवर फोन लावून लावून शेवटी तिच्या वडलांना गाठलं. ते म्हणले, "मॅडम, शिकू नको म्हणत नाही ओ, पण वयात आलेल्या लेकीला एकटीला कुणाच्या भरवशावर ठेवू?" यावर भाषण देऊन काय उपयोग, मॅडमनी आणि मी तिच्या मावशीला जाऊन भेटलो, राहायची सोय लावली, परीक्षेचा फॉर्म लेट फी भरून घातला. ती पास झाली, पुढं बीएड पण केलं तिनं.

आता यातली गोष्ट बघा, त्या मॅडम सीएचबीवर होत्या, म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढेच पैसे. ते फोन, मावशीच्या घरची चक्कर, फॉर्मसाठी ऑफिसातली धावपळ, यातला एक मिनिट पण कुठल्या बिलात बसत नाही. आणि पोरं कुणाकडं जातात तर अशाच तरुण शिक्षकांकडं, कारण त्यांच्याशी बोलायला भीती वाटत नाही.

नियमात हे काम नाही असंही नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 च्या रेग्युलेशनमधे लिहिलंय की शिक्षकानं रोज किमान 5 तास कॉलेजात उपलब्ध राहायचं आणि पदवीच्या वर्गांसाठी त्यातले किमान 2 तास मुलांना मार्गदर्शन, समाजकार्य, इतर उपक्रम यासाठी द्यायचे. चांगला नियम आहे. पण कायम जागा रिकाम्या आणि विषय सीएचबीवर चालवायचे असं असेल तर हे 2 तास द्यायचे कुणी? मग होतं काय, कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची टीम यायच्या आधी मेंटॉर-मेंटीच्या (कुठला शिक्षक कुठल्या पोरांचा मार्गदर्शक, त्याच्या) फायली एका बैठकीत भरल्या जातात, सह्या होतात, आणि ज्या पोराचं नाव फायलीत आहे त्याला त्याचा मेंटॉर कोण हेच माहीत नसतं. मला हे फार लागतं.

स्कॉलरशिपचं पण तेच. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाईटवर, अर्ज भरायचा तर ओटीपी येतो बापाच्या मोबाईलवर, आणि बाप ऊसाच्या फडात, कोपीत (फडावरच्या झोपडीत) लाईट नाही, फोन बंद. कधी आधार बँकेला लिंक नसतं, कधी अर्ज सेंट बॅक, म्हणजे दुरुस्तीला परत, येतो आणि का आला ते पोराला कळत नाही, तोवर तारीख निघून जाते. 2024 पासून ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ केली हे सरकारनं खरंच मोठं काम केलं, पण योजना आणि पोरगी यांच्या मधे एक माणूस लागतो जो शेजारी बसून फॉर्म भरून घेईल.

आता जे लिहितोय ते लिहिताना हात जड होतो. एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्ह्यांची नोंद ठेवणारा विभाग) आकड्यांप्रमाणे 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यात 1,764 आपल्या राज्यातले, सगळ्यात जास्त. जुलै 2025 मधे सुप्रीम कोर्टानं विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या केसमधे सांगितलं की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर पाहिजेच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर आम्ही नोटीस बोर्डला लावलाय, तो असायलाच पाहिजे, पण खेड्यातलं पोरगं अनोळखी नंबरला मन मोकळं करण्याआधी ओळखीचं माणूस शोधतं हो.

हे काही नवीन मागणं नाही. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत, आणि पोरांच्या जेवणापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पोराच्या पोटाची आणि राहण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग धरला त्यांनी.

तर साहेब, मागणं एवढंच की सीएचबीच्या शिक्षकांना आठवड्याचे काही तास मार्गदर्शनाचे म्हणून धरा आणि त्याचे पैसे द्या. अनुदानित कॉलेजात समुपदेशकाचं पद मंजूर करा, लहान कॉलेजं असतील तर दोन-तीन कॉलेजांत मिळून एक द्या, पण कायमचा द्या, दर वर्षी बदलणारा माणूस पोरांच्या कामाचा नाही. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलामुलींची परीक्षेच्या काळातली राहायची सोय कॉलेजच्याच गावात करा. जीआर दसऱ्याच्या आत निघाला तर टोळ्या निघायच्या आधी आम्हाला घरोघरी जाऊन आईबापांशी बोलता येईल, नंतर निघाला तर हे वर्ष पण गेलंच म्हणून समजा.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक प्राध्यापक