टाकीखालचे अँगल

लान्सिंग, मिशिगन
१० मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी आईने फोनवर विचारले की त्या गाडीखाली पडून तू दिवसभर करतेस तरी काय, आणि बाबांनी तर थेट अँगलांची, म्हणजे मी बसवलेल्या काटकोनी लोखंडी पट्ट्यांची, मापे विचारली. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जुलैमध्ये मोटारीमागे जोडलेला, राहण्याची सोय असलेला जो ट्रेलर घेऊन आपण सुपीरिअर सरोवराच्या काठी जाणार आहोत, त्याच्या तळाशी, दोन मुख्य तुळयांच्या मध्ये, ४० गॅलनची प्लॅस्टिकची टाकी आहे. म्हणजे सुमारे १५० लिटर पाणी आणि तितकेच किलो वजन. कारखान्याने ते दोन पातळ लोखंडी पट्ट्यांवर सोपवले होते. गाडी उभी असताना ते निभते. पण खड्ड्यातून जाताना तेच पाणी उसळून खाली आदळते आणि प्रत्येक दणका पट्टीच्या टोकाच्या वेल्डला बसतो. एप्रिलमध्ये तळाचा पत्रा लोंबलेला दिसला म्हणून सोडवून पाहिले, तर मागच्या वेल्डला केसाएवढी भेग आणि तिच्यातून उतरलेला गंजाचा तांबूस ओघळ. दोरी ताणून मोजले, तेव्हा टाकी मधोमध सव्वा इंच खाली आली होती.

बाबा, गच्चीवर टाकी बसवताना तुम्ही प्लंबरशी घातलेला वाद मला आठवला. दोन बीमवर टाकी ठेवू नका, तिला सबंध बूड टेकायला सपाट जागा द्या, असे तुम्ही त्याला बजावले होते. येथेही दोष नेमका तोच होता. भेग पुन्हा वेल्ड करून भागले नसते. शिवाय तुळईला लागूनच गॅसची नळी जाते, त्यामुळे तेथे ठिणगी नकोच, असे मी ठरवले.

आधी टाकी रिकामी केली, चाकांना अडण्या लावल्या, चेसिसला स्टँड दिले आणि टाकीखाली फळी धरून जॅकने ती हळूहळू वर घेतली. जॅक तुमच्या जावयांनी सांभाळला. मग तीन आडवे अँगल, तुमच्या भाषेत पन्नास-पन्नास-पाच (दोन्ही बाजू ५० मिलिमीटर, जाडी ५), तुळयांना तीन सुती (३/८ इंची) बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यांनी सहज न सुटणारे नट, लावून जोडले. भोके तुळईच्या उभ्या पत्र्यात पाडली, खालच्या पट्टीत नाहीत, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तुळईच्या वरच्या आणि खालच्या कडेला असतो. अँगलांवर वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर रबर आणि त्यावर टाकी. सुमारे वीस किलो वजन वाढले, ते मला मान्य आहे.

टाकी वर घेताना आणखी एक गोष्ट कळली. पाणी भरताना हवा जिच्यातून बाहेर पडते, ती नळी दुमडून चेपली होती. हवा कोंडली की टाकी फुगते आणि आधारांवर उगाच जोर येतो. ती नळी सरळ केली, खर्च शून्य.

आई, तुला हंड्याखालच्या चुंबळीची सवय असल्याने एवढे वाचून तू म्हणशील की यात नवीन ते काय. अर्धा हंडा किती डचमळतो, हेही तू जाणतेस. म्हणून लांबचा रस्ता आपण टाकी जवळजवळ रिकामी ठेवून कापू आणि मुक्कामाच्या अलीकडे ती पूर्ण भरून घेऊ. सरोवराकाठच्या पिक्चर्ड रॉक्स या राष्ट्रीय उद्यानातील मुक्कामाच्या जागी गाडीला थेट नळजोड मिळत नाही. तरी तुझ्या आंघोळीला पाणी कमी पडणार नाही.

काल टाकी काठोकाठ भरून खराब रस्त्यावर पाच मैल फिरवून आणली. परत दोरी लावली. फरक दिसला नाही. नट मात्र शंभर मैलांनी पुन्हा आवळायचे आहेत, ते काम बाबांसाठी राखून ठेवते. पाना येथे आहे, सामानात आणू नका.

तुमची,
धाकटी