ब्रेकच्या एस्टिमेटबद्दल

पुणे,
मंगळवार रात्र

प्रिय बाळ्या,

तू पाठवलेला सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटचा फोटो दोनदा वाचला. एक्केचाळीस हजार सातशे! फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं होतं की तू हो म्हणायच्या बेतात आहेस. शनिवारी पोरांना घेऊन आंबा घाट उतरायचा आहे आणि समोरचा माणूस म्हणतो, "सर, ब्रेकची रिस्क घेऊ नका." असं ऐकल्यावर कुठला बाप पैशांचा हिशोब करत बसेल? त्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच मला त्याचा राग येतो.

गेल्या वर्षी माझ्याबाबतीत हेच झालं. ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पुढच्या दोन्ही डिस्क, पॅड आणि लेबर धरून साडेअठरा हजार सांगितले. त्या दिवशी आप्पा बरोबर होते. त्यांची तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली, हे तुला माहीत आहेच. गाडी लिफ्टवर होती. आप्पांनी डिस्कवरून अंगठा फिरवला आणि त्या पोराला शांतपणे विचारलं, "मायक्रोमीटर आहे का?" नव्हता. म्हणजे डिस्क कुणी मोजलीच नव्हती. न मोजता 'बाद' लिहून मोकळे झाले होते.

बहुतेक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, मधल्या टोपीवर किंवा कडेला. गंज पुसला की दिसते. माझ्या डिस्कवर 20 मिमी होती. आम्ही गाडी तशीच घेऊन आप्पांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. डिस्क भरली 21.3 मिमी. त्यांनी लेथवर हलकं टर्निंग मारलं, म्हणजे वरचा पातळ थर काढून डिस्क सपाट केली, नवे पॅड टाकले, आणि सगळे मिळून चार हजारांच्या आत आटोपलं. थरथर गेली ती अजून आलेली नाही. तुझी डिस्क मोजायला लावशील तेव्हा व्हर्नियर चालवून घेऊ नकोस. झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला धार उरते, व्हर्नियर तिच्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. मायक्रोमीटरच हवा. टर्निंग मारल्यावरही माप किमान जाडीच्या वर राहिलं पाहिजे. त्याच्या खाली जाणार असेल तर डिस्क बदल, तिथे पैसे वाचवू नकोस.

आता तुझा कागद. ब्रेक ऑइल बदलायला सांगितलंय ते बरोबर आहे, करून घे. ते हवेतला ओलावा ओढतं, मग लवकर उकळतं, आणि लांब उतारावर पेडल मऊ पडतं ते त्यामुळेच. तू म्हणतोस तीन वर्षं बदललेलं नाही. दोन वर्षं झाली तेव्हाच बदलायला हवं होतं असं समज. मागच्या चाकांचे ब्रेक लायनर मात्र ड्रम उघडून तुला दाखवल्याशिवाय मान्य करू नकोस. इंजिन फ्लशिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, 'कन्झ्युमेबल्स' या नावाखाली सहा हजार दोनशे लावलेत. तू ब्रेकचा आवाज येतो म्हणून गेला होतास. या चार ओळी सरळ काट.

लेबर आणि पार्ट वेगळे लिहून माग आणि प्रत्येक पार्टचा नंबर घे. तोच नंबर सांगून बाहेर दुकानात भाव विचार. बहुतेक पॅड कार कंपनी स्वतः बनवत नाही, बनवणारी कंपनी वेगळी असते आणि तिचाच माल तिच्या स्वतःच्या खोक्यात बाजारात मिळतो. फक्त बिल घेऊनच घे, कारण नकली पॅडही फिरतात.

बाहेरच्या गॅरेजवाल्यांना हे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपये दंड ठोठावला होता. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागायला गेल्या, पण मुद्दा केवढा मोठा आहे ते यावरून कळतं. आपण एकटेच फसतोय, आपल्यालाच गाडीतलं कळत नाही, असं मनात आणू नकोस.

सगळेच तिकडे चोर बसलेत असंही मी म्हणणार नाही. वॉरंटी चालू असती, एअरबॅगचं काम असतं किंवा कंपनीने रिकॉल काढला असता तर तुला तिथेच जा म्हणालो असतो. तुझी गाडी सात वर्षांची आहे आणि काम ब्रेकचं आहे. ते उद्यमनगरात उत्तम होतं, तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर.

गाडी सोडवताना तपासणीचे पैसे मागतील. ते आधी सांगितले होते का, एवढंच विचार. सांगितले असतील तर दे आणि पावती घे. न सांगता अडवलं तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तिथूनच फोन लाव. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, हेही त्यांना ऐकू जाऊ दे.

उद्या सकाळी गाडी बाहेर काढ. आप्पांना मी आत्ताच सांगितलंय, ते मिस्त्रींकडे अकरा वाजता येऊन थांबतील. त्यांना बरं वाटेल, बरेच दिवस तिकडे गेले नाहीत. गुरुवारी काम झालं की शुक्रवारी एकदा रिकाम्या गाडीने जोतिबाच्या डोंगरावर जाऊन ये, उतरताना पेडल कसं लागतं ते बघ आणि मला फोन कर. मगच पोरांना बसव.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
नंदू

ता. क. जुने पॅड टाकून देऊ नकोस, डिकीत ठेव. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा मला बघायचे आहेत.