पातळ रिंग धरायला आयटीआयतच शिकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी दोन लेथची (धातू फिरवून कातायच्या यंत्रांची) शेड आहे. ३३ वर्षं टर्निंग करतोय. दोन वर्षांचा टर्नर ट्रेड पास होऊन माझ्याकडे येणारी मुलं हुशार असतात. ड्रॉइंग वाचतात, आटे सुरेख काढतात. पण हातात पातळ रिंग दिली, की भरीव शाफ्ट (दांडा) आवळावा तसा चक, म्हणजे लेथवर काम धरणारा तीन जबड्यांचा (जॉचा) पंजा, आवळतात.

गेल्या पावसाळ्यात गनमेटलच्या ४० रिंगा परत आल्या. बोअर (आतलं भोक) ९० मिमी, भिंत जेमतेम ३ मिमी. "शाफ्टवर चढत नाहीत," एवढंच पार्टीनं कळवलं. ज्या पोरानं त्या केल्या होत्या तो रडकुंडीला आला. व्हर्निअर (व्यास मोजायची पट्टी) माझ्यापुढं धरून म्हणाला, "काका, कुठूनही मोजा, माप बरोबरच येतंय." खरंच येत होतं. मग मी गोल टोकाचा मायक्रोमीटर काढला आणि भिंत मोजली. रिंगेवर जॉचे तीन पुसट वळ उठले होते. वळाच्या जागी भिंत पातळ, दोन वळांच्या मध्ये ०.०४ मिमीनं जाड. चाळीसही रिंगांची तीच गत.

तीन जॉनी आवळली, की पातळ रिंग तीन जागी आत दबते. तशा दबलेल्या रिंगेत बोअर गोलच निघतो. पण चक सैल केला, की दबलेला भाग परत बाहेर येतो आणि बोअर किंचित तिकोनी होऊन बसतो. पातळ जागेच्या बरोबर समोर जाड जागा येते, त्यामुळे व्यास कुठूनही घ्या, सारखाच भरतो. व्हर्निअरला हा दोष दिसणं शक्यच नाही. हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं, मग त्याला दोष कसा द्यायचा?

उपाय खर्चिक नाहीत. सॉफ्ट जॉ (हव्या त्या मापाला कातता येणारे मऊ जबडे) लावावेत, मागं एक भरीव गोल तुकडा पकडून पुढं रिंगेच्या बाहेरच्या मापाची पायरी बोअर करावी, म्हणजे आतून कातावी. मग रिंग तीन टोकांवर नाही, जवळजवळ पुऱ्या घेरानं धरली जाते. एकदोनच नग असतील तर जाड पाइपाची स्लीव्ह त्या मापाला बोअर करून तिला हॅक्सॉनं एक चीर द्यावी, रिंग तिच्यात बसवून चकात धरावी. फेसप्लेटवर (लेथच्या सपाट चकतीवर) तोंडाकडून क्लॅम्प करता आली तर फारच उत्तम. रफ कट झाला, की चक सैल करून रिंग मोकळी होऊ द्यावी, गार होऊ द्यावी, आणि हलकी आवळून ०.२ मिमीचा शेवटचा कट घ्यावा. त्या वेळी चावीला अंगठा आणि दोन बोटंच लावा, असं मी पोरांना सांगतो.

आमच्याकडं आलेल्या बहुतेक मुलांनी सॉफ्ट जॉ पाहिलेत, पण स्वतः एकदाही बोअर केलेले नाहीत. माझी व्यवसाय शिक्षण खात्यातल्या मंडळींना आणि आयटीआयच्या निदेशकांना कळकळीची विनंती आहे, की प्रत्येक मुलाकडून एकदा तरी जॉ बोअर करून घ्या, त्यात ३ मिमी भिंतीची एक रिंग करायला लावा, आणि मार्क देताना व्यासाबरोबर भिंतही मोजा. जवळपासच्या कुठल्याही आयटीआयला त्यासाठी पाइपाचे तुकडे लागले, तर माझ्या शेडमधून मी विनामूल्य देईन.

आपला,
एक टर्नर, उद्यमनगर, कोल्हापूर