मनगटावरच्या निळ्या रेघांबद्दल

ऑपरेशननंतर माझ्या हातावर उपचार करणाऱ्या ताई,

फुटक्या काचेने मनगटातली मीडियन नर्व्ह, म्हणजे तळहाताकडे आणि बोटांकडे जाणारी नस, तुटली, ती शिवली, आणि पुढचा दीड महिना मी तुमच्यासमोर एकच रड घेऊन बसायचो, "काहीच होत नाहीये." ऑपरेशन करणाऱ्यांचे आभार केव्हाच मानून झाले. तुमचे राहिले, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

"धीर धरा" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. बोटांकडून मनगटाकडे टिचक्या मारत आलात. एका जागी सर्रकन करंट तर्जनीत गेला. तिथे निळ्या पेनाने रेघ ओढून तारीख घातलीत. "वाढत्या नसेचं टोक इथवर आलंय. दिवसाला साधारण 1 मिलिमीटर." टिचकी मारून तपासायची ही रीत 1915 पासूनची, हेही तुम्हीच सांगितलंत.

इतकं हळू का, असं मी चिडून विचारलं, तर तुम्ही चक्क खुर्ची ओढून बसलात. स्पर्शाच्या तंतूची पेशी मानेजवळ, जखम तिथून हातभर अंतरावर. सगळा माल तिथूनच यायचा म्हटलं तर फार उशीर होणार. म्हणून काही प्रथिनांचे एमआरएनए (प्रथिन कसं बनवायचं त्याचे निरोप) तंतूतच आधीपासून ठेवलेले असतात, बरेचसे गप्प. तंतू तुटला की कॅल्शियम आत घुसतं, रायबोसोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) कामाला लागतात, आणि इम्पोर्टिन-बीटासारखी प्रथिनं जागच्या जागी बनतात. जखमेची खबर पेशीच्या केंद्रकापर्यंत जाते ती इम्पोर्टिन-बीटाच्याच मदतीने. या कामाचा वेग ठरवणारा एमटॉर, हेही एक प्रथिनच, तोसुद्धा तुटल्या जागीच बनतो, असं 2018 मध्ये दिसलं. माझ्या बधिर हातात एवढी लगबग चालू होती आणि मी म्हणत होतो, काहीच होत नाहीये!

मेंदू आणि मज्जारज्जूत मात्र वयाबरोबर एमटॉर थंडावतो. 2008 मध्ये उंदरांच्या दृष्टिचेतेत (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत) पीटेन हा त्याचा ब्रेक काढला, तर तुटलेले तंतू पुन्हा वाढले. रॅपामायसिन या औषधाने एमटॉर दाबला की ती वाढ बरीचशी थांबली. "मग मलाही द्या ना ब्रेक काढायची गोळी!" मी म्हणालो. तुम्ही हसलात. "तोच ब्रेक कर्करोगालाही आवरतो. तुमची नस हातातली आहे, ती आपली आपण वाढतेय. बोटं हलवा."

रेघ आता तर्जनीच्या दुसऱ्या पेऱ्यावर आहे. तळहाताला गार-गरम कळतं. खिशातली किल्ली कुठली आणि नाणं कुठलं, ते अजून बघावंच लागतं. तुमचं निळं पेन संपत आलंय. मंगळवारी येताना नवीन आणतो.