पुळणीवर सुरू नको

‘कोकण किनाऱ्यावर सुरूची बने वाढवा’ असे सुचविणारा लेख (रविवार अंक) वाचला. हेतू चांगला आहे, झाड मात्र चुकीचे आहे. सुरू हा मूळचा आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडचा. त्याच्या सुईसारख्या पर्णकाड्यांचा थर वाळूवर साचतो आणि खाली दुसरे काही सहसा रुजत नाही. पुळणीवर वाळू धरून ठेवण्याचे काम मर्यादवेल करते. आपट्यासारखे दुभंगलेले जाड पान, जांभळट फूल आणि पेरापेरावर मुळे धरत भरतीरेषेकडे सरकणारी वेल. समुद्राची मर्यादा सांगणारी म्हणून हे नाव पडले असावे. पर्यटकांच्या गाड्या थेट वाळूत उतरतात तेव्हा पहिली तीच चिरडली जाते.

मंडणगड तालुक्यातील वेळासच्या ग्रामस्थांनी २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या साथीने कासवांची घरटी राखली. तशीच राखण या वेलीचीही व्हावी. किनाऱ्यावर झाडेच हवी असतील तर उंडी, केवडा, करंज आहेत. तीही पुळणीच्या मागे.

नाशिककराने समुद्राबद्दल का बोलावे, असे कोणी म्हणेल. आमच्या अंजनेरीच्या उघड्या कातळपठारावर, वीतभर गवतात, ‘सिरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलासारख्या फुलांची दुर्मीळ खर्चुडी उगवते. तिथेही दर पावसाळ्यात कोणीतरी उत्साहाने झाडांची रोपे लावायला घेऊन येतेच. पठार त्यांना ‘ओसाड’ वाटते!

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक