कादंबरी आधी विद्यार्थ्यांना वाचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, आपल्या राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. त्या दिवशी शाळाशाळांतून पुस्तकांची कपाटे उघडली जातात, मुले ओळीने बसून वाचतात, आणि पुढच्या आठवडाभरात ‘हल्लीची मुले वाचतच नाहीत’ अशी तक्रार करणारी पत्रेही वृत्तपत्रांतून येऊ लागतात. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारी शिक्षिका म्हणून मला या चर्चेत एका मुद्द्याची भर घालायची आहे. आपण मुलांच्या हाती सबंध कादंबरी सहसा देतच नाही, आणि देतो तेव्हा ती त्यांच्याआधी आपणच वाचून, उलगडून, तिचे सगळे निष्कर्ष काढून मोकळे झालेलो असतो.

राज्य मंडळाच्या गेली काही वर्षे चालू असलेल्या अभ्यासक्रमात अकरावीच्या ‘युवकभारती’ या मराठीच्या पाठ्यपुस्तकात साहित्यप्रकार म्हणून नाटक आहे आणि बारावीच्या ‘युवकभारती’त कथा. हे दोन्ही घटक शिकवताना मला आनंदच होतो. पण कादंबरी मुलांना भेटली तर एखाद्या पाठापुरती, चार-सहा पानांच्या उताऱ्याच्या रूपात भेटते. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेकडे गेलेल्या विद्यार्थ्याचा मराठीशी असलेला अभ्यासाचा संबंध बहुधा बारावीलाच संपतो, त्यामुळे घरात पुस्तके नसतील तर एकही मराठी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न वाचता तो पदवीधर होतो. कला शाखेतल्या विद्यार्थ्याला पुढे नेमलेली कादंबरी भेटते खरी, पण तीही अनेकदा बाजारातल्या ‘गाइड’च्या पाठीमागे उभी असते.

वर्गात नेमलेली कादंबरी कशी शिकवली जाते, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. आधी लेखकाचा परिचय, मग कथानक, मग प्रमुख आणि गौण व्यक्तिरेखा, वातावरणनिर्मिती, निवेदनपद्धती, भाषाशैली आणि शेवटी शीर्षकाची समर्पकता. या क्रमाने नोट्स उतरवून घेतल्या की विद्यार्थ्याला पुस्तक उघडण्याचे कारणच उरत नाही. उत्तरपत्रिका तपासताना ‘ग्रामीण जीवनाचे वास्तव व प्रभावी चित्रण’ हे शब्द मी इतक्या वेगवेगळ्या हस्ताक्षरांत वाचले आहेत की ते लिहिणाऱ्याने कोणते गाव पाहिले, हे मला त्यांवरून कधीच कळलेले नाही. आता तर मोबाइलला विचारले की कोणत्याही कादंबरीचा नीटनेटका सारांश आणि त्याखाली चार मुद्द्यांत मूल्यमापनही क्षणात मिळते. मुलांना दोष देण्यापूर्वी आपण हे मान्य करायला हवे की आपण जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरे द्यायला कादंबरी वाचावी लागत नाही.

कादंबरी वाचणे म्हणजे काही दिवस त्या माणसांबरोबर राहणे. वाचणारा त्यात पुढचे अंदाज बांधतो, ते चुकतात, एखाद्या माणसाविषयीचे मत बदलते, एखादा प्रसंग पन्नास पानांनंतर अचानक उमगतो. शेवट आणि आशय आधीच सांगून टाकले की वाचकाच्या मनात घडणारी ही सगळी हालचाल थांबते आणि मागे उरते ती पडताळणी. म्हणून माझे मागणे शिक्षकाच्या विवेचनाविरुद्ध मुळीच नाही. ते विद्यार्थ्याच्या पहिल्या वाचनानंतर व्हावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्याकडे आम्ही यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ निवडली. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आकाराने लहान आहे आणि माणदेशातल्या एका धनगरवाडीवर शाळामास्तर म्हणून गेलेल्या कोवळ्या वयाच्या राजारामच्या तोंडून सांगितलेली आहे. सुरुवातीची काही पाने मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली, कारण बोलीचा कान एकदा तयार झाला की पुढची वाट सोपी होते. पात्रांची यादी मात्र मी दिली नाही. ती मुलांनी आपापल्या वहीत स्वतः करायची आणि जसजसे कोणी नवे भेटेल तसतशी वाढवायची. वाडीचा नकाशाही त्यांनीच वाचता वाचता काढायचा. शब्द अडला तर लगेच शब्दकोशाकडे न धावता पुढे वाचून पाहायचे आणि तरीही अडला तर घरातल्या आजी-आजोबांना विचारायचे, असे ठरले. आमच्या भागात हा शेवटचा उपाय फार कामाला आला.

प्रत्येकाला एक वाचनवही करायला सांगितली. डाव्या पानावर कादंबरीतले एखादे वाक्य किंवा प्रसंग, त्याचा पान क्रमांक घालून. उजव्या पानावर त्याविषयी मनात जे आले ते, शुद्धलेखनाची चिंता न करता. ‘हे मला आवडले नाही’, ‘हे समजले नाही’, ‘मास्तर इथे चुकला’ असे लिहायलाही पूर्ण मुभा होती. सुरुवातीच्या वह्यांत उजवीकडे बहुतेकांनी कथानकच पुन्हा लिहिले, कारण आजवर त्यांच्याकडून तेवढेच मागितले गेले होते. ते खोडण्याऐवजी मी समासात एकच प्रश्न लिहीत असे: ‘यात तुला काय खटकले?’ हळूहळू उजवे पान बोलू लागले. वाडीच्या कारभाऱ्याच्या मनात आपल्या मुलीवरून, अंजीवरून, मास्तरविषयी गैरसमज होतो, त्या जागी एका मुलीने लिहिले, ‘अंजीला काय वाटले, हे कोणीच विचारत नाही. मास्तरसुद्धा नाही.’ औताला खांदा देणाऱ्या शेकूच्या बायकोविषयी दुसऱ्या एका मुलीने पानभर लिहिले, आणि त्यात दया नव्हती, आदर होता. तिच्या मते लेखकाने तो प्रसंग आणखी थोडा लांबवायला हवा होता. असे म्हणण्याचा अधिकार अकरावीतल्या मुलीला आहे, हे तिला स्वतःलाच नवीन होते.

सगळ्यात महत्त्वाची चर्चा झाली ती शेवटावर. दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते आणि मास्तरालाही निघावे लागते. हा शेवट करुण आहे, असे बहुतेकांनी लिहिले होते. वर्गात मेंढपाळ कुटुंबातला एक मुलगा आहे. त्याचे चुलते दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. तो उभा राहून म्हणाला, “बाई, मेंढरं घेऊन जाणं म्हणजे संपणं नव्हं. आमच्यात दर साल जात्यात. पाऊस झाला की वाडी पुन्हा भरंल.” वर्ग गप्प झाला. मी त्याला बरोबर म्हटले नाही आणि चूकही म्हटले नाही, फक्त विचारले, “पुस्तकात कुठं दिसतं तुला हे?” तो शेवटची प्रकरणे पुन्हा वाचायला बसला, आणि त्याच्याशी वाद घालायचा म्हणून आणखी काही जण बसले. पुढच्या तासाला मांडणी अशी आली: नेहमीच्या वाटेने, ठरल्या वेळी जाणे वेगळे आणि जनावरे मरू लागल्यावर घर उघडे टाकून जाणे वेगळे, कादंबरीतले जाणे दुसऱ्या प्रकारचे आहे, असे काहींचे म्हणणे. त्या मुलाने आपले मत पूर्ण सोडले नाही. मास्तर बाहेरचा आहे, म्हणून त्याला वाडी संपल्यासारखी वाटते आणि आपल्याला ती त्याच्याच डोळ्यांनी दिसते, असे तो म्हणाला. निवेदक आणि त्याचा दृष्टिकोन हा घटक मी पुष्कळ वर्षे फळ्यावर व्याख्या लिहून शिकवत आले आहे. त्या मुलाने तो व्याख्येवाचून गाठला. त्यानंतर मी ती संज्ञा सांगितली, आणि ती सगळ्यांच्या लक्षात राहिली.

यातून मला जे नेमके वाटते ते असे. विद्यार्थ्याला मत मांडण्याचे स्वातंत्र्य द्यायचे, पण मताला पुस्तकातला आधार मागायचा. ‘मला असे वाटते’ एवढ्यावर थांबणारे मूल स्वतंत्र वाचक झालेले नसते आणि बाईंनी सांगितले म्हणून तसे वाटून घेणारेही नसते. ‘कोणत्या पानावर?’ हा प्रश्न धाक म्हणून विचारला तर मुले गप्प होतात. खऱ्या कुतूहलाने विचारला तर ती पुस्तकाकडे परत जातात. शिक्षकाचे खरे कसब इथे लागते, आणि ते नोट्स लिहून देण्यापेक्षा अवघड आहे, कारण वर्गात काय निघेल हे आधी माहीत नसते आणि कादंबरी शिक्षकाला स्वतःलाच पुन्हा वाचावी लागते.

अडचणी मला ठाऊक आहेत. वर्गात ऐंशी मुले असताना प्रत्येकाची वही तपासणे अशक्य आहे. आम्ही पाच-पाच जणांचे गट केले. वह्या आधी गटात एकमेकांनी वाचायच्या, त्यावर एक प्रश्न लिहायचा आणि दर आठवड्याला एकाच गटाच्या वह्या माझ्याकडे यायच्या. वेळेचे म्हणाल तर आठवड्यातला एक तास निव्वळ मूकवाचनाला दिला. त्या तासात मीही खुर्चीत बसून तीच कादंबरी वाचत असे. घरी शेतीचे, गुरांचे किंवा धाकट्या भावंडांचे काम असलेल्या मुलांना शांतपणे वाचायला मिळणारा तो आठवड्यातला एकमेव तास होता, हे त्यांनीच सांगितले, आणि म्हणून ‘वाचन घरी करून या’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जी मुले फारच मागे पडत, त्यांना एखादे प्रकरण गटातल्या मित्राने वाचून दाखवायचे. कानांनी ऐकलेले हेही वाचनच धरावे, असे माझे मत आहे.

प्रतींची अडचण याहून मोठी आहे. ग्रंथालयात एका कादंबरीची एखादी प्रत असते आणि तीही कपाटाच्या काचेआड. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अ, ब, क, ड वर्गांतली अनुदानित ग्रंथालये गावोगावी आहेत. पण शाळा आणि ही ग्रंथालये यांचा आपसांत फारसा संबंध नाही. तालुक्यातल्या ग्रंथालयांनी मिळून निवडक कादंबऱ्यांच्या पंधरा-वीस प्रतींचे संच ठेवले आणि ते तीन-तीन महिने शाळांना फिरते दिले, तर थोड्या पैशांत फार मोठे काम होईल. एका प्रतीवर तीन मुले, हे प्रमाणही आम्हाला पुरले आहे.

राज्य मंडळाला आणि विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, नवे अभ्यासक्रम आखले जात असताना अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत एक तरी सबंध कादंबरी ठेवावी आणि ती एकच न नेमता पाच-सहांच्या यादीतून वर्गाला निवडू द्यावी. यादीत ग्रामीण, नागर, दलित जीवनातल्या आणि स्त्रियांनी लिहिलेल्या कादंबऱ्या असाव्यात, म्हणजे चंद्रपूरच्या वर्गाला आणि दादरच्या वर्गाला आपापल्या जवळचे व आपल्यापासून दूरचे, दोन्ही निवडता येईल. लेखी परीक्षेत या घटकावर प्रश्नच नसावा, नाहीतर पुढच्याच जूनमध्ये त्याचे अपेक्षित प्रश्नसंच बाजारात येतील. बारावीला लेखी परीक्षेबाहेर जे २० गुण आहेत, त्यांतले काही वाचनवही आणि तिच्यावरील संभाषणाला द्यावेत. विद्यार्थ्याने आपल्याच वहीतला एक प्रसंग निवडायचा आणि परीक्षकाशी पाच मिनिटे त्यावर बोलायचे. पुस्तक न वाचता पाच मिनिटे बोलणे किती कठीण असते, हे कोणत्याही परीक्षकाला पहिल्या मिनिटातच कळते.

गुण देण्यात पक्षपात होईल, अशी शंका घेतली जाते. ती रास्त आहे, आणि म्हणून गुण मताला न देता मताच्या आधाराला द्यावेत: नेमके प्रसंग दाखवले का, आपल्या मताला छेद देणारी जागा पाहिली का, वाचता वाचता मत बदलले असेल तर ते का बदलले हे सांगितले का. या तीन गोष्टी दोन वेगळ्या परीक्षकांना जवळपास सारख्याच दिसतात, असा आमच्या विभागातला अनुभव आहे.

आपल्या दैनिकाचे अनेक वाचक शिक्षक आहेत. आपापल्या वर्गात ज्यांनी सबंध कादंबरी मुलांकडून वाचून घेतली आहे, त्यांनी कोणती निवडली, मुले कुठे अडली आणि प्रती कशा मिळवल्या, हे याच स्तंभातून कळवावे, अशी विनंती आहे. पुढच्या वर्षीसाठी आम्ही शहरातल्या जीवनावरची कादंबरी शोधत आहोत, त्यासाठीही सूचना हव्या आहेत.

आपली नम्र,
एक मराठी अध्यापिका,
जि. सांगली